तीन कुसळांचे गवत

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, परंतु आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मराठी मुलांच्या कानावर लहानपणापासून पडत आलेली आहे. मुसळ आता घरोघरी राहिलेले नाही. कांडण गेले, त्याबरोबर उखळ-मुसळही गेले. कुसळ मात्र होते तेथेच आहे. दिवाळीच्या सुमारास सासवड, दहिवडी, जत, करमाळा अशा कोणत्याही गावच्या माळावरून शंभर पावले चालून पाहावे. धोतराच्या सोग्याला, लुगड्याच्या काठाला, मुलांच्या मोज्यांना आणि मेंढरांच्या लोकरीला कुसळे चिकटतात व घरापर्यंत सोबत करतात. मग ओसरीवर बसून ती एकेक करून वेचावी लागतात. वेचताना तोंडातून जे शब्द निघतात, ते छापण्याजोगे नसतात.

ज्याच्यावर सर्वांचा एवढा राग, त्या गवताकडे वाकून पाहणारा मनुष्य विरळा. वास्तविक ते वाकूनच पाहिले पाहिजे, कारण ते फार उंच वाढत नाही. 'कुसळी' हे नाव लोक एकाच गवताला देत नाहीत. टोचणारे टोक असलेल्या अनेक गवतांना ते सरसकट दिले जाते. त्यांपैकी एक गवत अगदी साधे आहे. ते मुरमाड जागेत, पायवाटेच्या कडेला, खडकाच्या फटीत, जेथे दुसरे काही उगवण्यास तयार नसते तेथे उगवते. जमीन फारच हलकी असली तर वीतभर, बरी असली तर गुडघ्यापर्यंत येते. त्याची पाने दोऱ्यासारखी बारीक, आणि तुरा अरुंद व किंचित जांभळट असतो. त्याच्या प्रत्येक दाण्याला एक नव्हे, दोन नव्हे, तर तीन कुसळे असतात. ती टोकापाशी एकमेकांपासून फाकलेली असतात. सकाळचे तिरपे ऊन त्यांवर पडले म्हणजे सारा माळ धुरकट चंदेरी दिसू लागतो. मोठ्या कौतुकाने लावलेल्या गुलाबालाही हे साधत नाही.

शास्त्रज्ञ या गवताला 'अरिस्टिडा ॲडसेन्शनिस' म्हणतात. नाव अवघड वाटते खरे, परंतु त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. लॅटिन भाषेत 'अरिस्टा' म्हणजे कुसळ. तेव्हा नावाचा पहिला भाग म्हणजे आपल्या कुसळीचेच भाषांतर झाले. दुसरा भाग एका बेटाचा आहे. अटलांटिक महासागरात, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान, असेन्शन नावाचे ज्वालामुखीचे एक ओसाड बेट आहे. स्वीडन देशातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याचा शिष्य पेर ऑस्बेक हा चीनहून परत येताना १७५२ साली तेथे उतरला. त्या काळ्या खडकावर त्याला फार थोड्या वनस्पती आढळल्या. त्यांत हे गवत होते. पुढच्याच वर्षी, १७५३ साली, लिनियसने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याला त्या बेटाचे नाव देऊन टाकले. म्हणजे जे गवत माणदेशातल्या मेंढपाळाच्या पायाखाली पिढ्यान् पिढ्या होते, त्याचे बारसे मात्र सहस्रावधी कोस दूर समुद्रात झाले! आफ्रिका, अरबस्तान, भारत, अमेरिका, जेथे जेथे जमीन तापते आणि पाऊस तुटपुंजा असतो, तेथे तेथे हे गवत आढळते. अमेरिकेत त्याला जे नाव पडले आहे त्याचा अर्थ 'सहा आठवड्यांचे गवत' असा होतो.

सहा आठवडे! एवढ्यात त्याचा संसार उरकू शकतो. माळावरची गवते दोन प्रकारची असतात. मारवेल, पवन्या, डोंगरी ही बहुवर्षायू गवते. उन्हाळ्यात त्यांची पाती वाळून जातात, परंतु बुंधा व मुळे जमिनीत जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. दुसरी गवते वर्षायू. ती एका पावसाळ्यात जन्मतात, फुलतात, दाणे टाकतात आणि मरतात. तीन कुसळांचे गवत या दुसऱ्या जातीचे आहे. चैत्र-वैशाखात माळावर त्याचे एकही जिवंत रोप शोधून सापडत नाही. परंतु ते नाहीसे झाले असे मात्र नाही. खडे, माती व पालापाचोळा यांच्यामध्ये त्याचे दाणे पडून असतात. भाकरी भाजावी अशी जमीन तापते, वावटळी उठतात, मेंढरे वरून जातात. दाणा आपल्या कठीण वेष्टनात स्वस्थ असतो. दुष्काळाशी झुंजण्यापेक्षा दुष्काळभर झोपून राहणे त्याने पसंत केले आहे.

या झोपेतही एक शहाणपण आहे. मृग नक्षत्रावर एखादा वळीव पडतो, मातीचा वास सुटतो, आणि मग पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडे जाते. अशा वेळी शेतकऱ्याची केवढी त्रेधा उडते! पेरलेले उगवते आणि करपते. पुन्हा बियाणे आणावे लागते, पुन्हा कर्ज काढावे लागते, दुबार पेरणी करावी लागते. रानातल्या वर्षायू गवताला कर्ज देणारा कोणी नाही. म्हणून त्याचे सगळे दाणे एका पावसाला रुजत नाहीत. काही रुजतात, काही दुसऱ्या पावसाची वाट पाहतात, काही तर पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. पहिले करपले तर दुसरे असतातच. दुबार पेरणीची सोय या गवताने अशी आधीच करून ठेवलेली असते.

आता त्या कुसळांकडे वळू. ती माणसाला टोचण्यासाठी नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. माणूस त्यांच्या वाटेत येतो इतकेच. पिकलेला दाणा झाडावरून सुटला की तीन कुसळांवर वारा धरतो आणि मोकळ्या जमिनीवरून घरंगळत, उड्या मारीत जातो. दाण्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असून त्यावर वरच्या दिशेने वळलेले बारीक केस असतात. एखाद्या खड्याच्या आडोशाला किंवा भेगेत हे टोक शिरले की ते केस त्याला मागे येऊ देत नाहीत. झाले, दाण्याला घर मिळाले! तेच टोक मेंढीच्या लोकरीत शिरले तर दाणा मेंढीबरोबर दोन कोस पलीकडच्या माळावर जातो. प्रवासाला भाडे पडत नाही.

याच माळावर याची एक थोरली बहीण राहते. तिलाच पुष्कळ ठिकाणी खरी कुसळी म्हणतात. ती बहुवर्षायू आहे. तिच्या प्रत्येक दाण्याला एकच लांब, काळसर-तांबूस कुसळ असते आणि पिकल्यावर तुऱ्यातील सारी कुसळे एकमेकांत गुंफून वेणी घातल्यासारखी दिसतात. हे कुसळ दोरीप्रमाणे पिळलेले असते. ते ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. कुसळातील पेशीही तशाच पाण्याने फुगतात, परंतु सर्व सारख्या फुगत नाहीत, म्हणून कुसळ फिरते. रात्रीच्या दवाने एकदा, दिवसाच्या उन्हाने एकदा, असे फिरत फिरत ते आपला दाणा गिरमिटाप्रमाणे जमिनीत उतरवते. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने अशाच एका परदेशी गवताच्या कुसळांचा अभ्यास करून १८७६ साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. ज्याला हा चमत्कार पाहायचा असेल, त्याने एक पिकलेले कुसळ ओल्या फडक्यावर ठेवावे आणि थोडा वेळ शांत बसावे. निर्जीव दिसणारी काडी हळूहळू वळू लागते. हा खेळ माळावरच्या गुराख्यांना डार्विनच्या आधीपासून ठाऊक असला पाहिजे. त्यांनी निबंध लिहिला नाही, एवढेच.

असे असले तरी बागेत हे गवत मुद्दाम लावावे, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. बाग म्हणजे गवत उपटण्याची जागा, अशीच सर्वांची समजूत. 'तण' हा शब्दच पाहा. तो 'तृण' या शब्दापासून आला, आणि तृण म्हणजे नुसते गवत. परंतु शेतात व बागेत त्याला 'नको असलेले झाड' असा अर्थ चिकटला. कस्पटासमान लेखणे, तृणवत मानणे, हे वाक्प्रचारही गवताला फार मान देतात असे नाही. दर्भाच्या वाट्याला तेवढा सन्मान आला. दर्भालाच कुश म्हणतात आणि त्याच्या टोकावरून 'कुशाग्र' बुद्धी झाली. हात कापून न घेता जो कुश तोडून आणतो तो 'कुशल', असे जुने व्युत्पत्तिकार सांगत. एकूण धारदार गवताशी कसे वागावे, हे ज्याला कळते त्याला शहाणा म्हणण्याची आपली रीत जुनी आहे.

बागेतही एका गवताला मान मिळतो, तो हिरवळीला. ही हिरवळ पुष्कळदा रोपवाटिकेतून चटईप्रमाणे गुंडाळून आणतात. तिला दररोज पाणी द्यावे लागते, दर पंधरवड्याला कापावे लागते, खत घालावे लागते. जेथे बाया-माणसे हंड्यासाठी टँकरची वाट पाहतात, त्याच तालुक्याच्या गावी एखाद्या इमारतीसमोर अशी हिरवळ फवाऱ्याखाली न्हात असते. ती दिसते सुंदर, यात शंका नाही. परंतु ते सौंदर्य पाहताना मनाला थोडे टोचते. आणि ते टोचणे कुसळाचे नसते.

कोरड्या जमिनीवर पाणी न देता सुंदर बाग होऊ शकते, हे करून दाखविणारी माणसे होऊन गेली आहेत. इंग्लंडच्या पूर्व भागातील एसेक्स परगण्यात बेथ चॅटो नावाच्या बाई होत्या. त्या २०१८ साली वारल्या. तेथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे साधारण आपल्या माणदेशाइतकाच. फरक हा की आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि त्यांचा वर्षभर थोडा थोडा पडतो. १९९१-९२ च्या हिवाळ्यात त्यांनी गाड्या उभ्या करण्याची जुनी, खडी पसरलेली जागा बागेसाठी निवडली. लागवड झाल्यावर नळाचे पाणी द्यायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. जी झाडे जगतील ती जगतील! आपापल्या मूळ भूमीत कोरड्या टेकड्यांवर राहणारी झाडे व गवते त्यांनी निवडली होती, म्हणून ती जगली. अनेक देशांतील माणसे ही बाग पाहण्यास जातात.

परंतु त्याहूनही आपल्याला जवळचे उदाहरण राजस्थानात आहे. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी ज्वालामुखीच्या कठीण खडकाचा सुमारे ७० हेक्टरांचा ओसाड पट्टा होता. तेथे वर्षाला ४०० मिलीमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. त्या खडकावर वेडी बाभूळ माजली होती. हे झाड अमेरिका खंडातून आलेले. जोधपूरकडे त्याला बावळिया म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात, प्रदेश हिरवा व्हावा अशा चांगल्या हेतूने, तेथील महाराजांनी विमानातून त्याचे बी टाकविले, असे सांगतात. झाड असे फोफावले की मूळचे काही उरू देईना. ते वरून तोडले तर पुन्हा दुप्पट जोमाने फुटे. २००६ साली किल्ल्याच्या विश्वस्तांनी प्रदीप कृशन यांना हे काम सांगितले. ते पूर्वी चित्रपट काढीत. पुढे त्यांनी झाडांचा ध्यास घेतला. वेडी बाभूळ मुळासकट काढायची, तर खडक फोडावा लागणार. सुरुंग लावता येईना, कारण वर किल्ला. अखेरीस जोधपूरचे खंडवालिया पुढे आले. हे पिढीजात खाणकामगार. हातोडीने खडकावर ठोकून नुसत्या आवाजावरून आत फट कोठे आहे हे ते ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोडीने हात-हातभर खोल खोदून एकेक मूळ बाहेर काढले. पुढे त्याच खड्ड्यांत थरच्या वाळवंटातील मूळची रोपे लावण्यात आली. २०११ साली 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' या नावाने ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. तेथे फुलांचे ताटवे नाहीत, कारंजी नाहीत. पावसाळा आला की खडकांच्या फटींतून रानझुडपे व गवते हिरवी होतात आणि पुढे सोनेरी होऊन वाळतात. वाळलेले गवत तेथे कोणी लाजेने झाकून ठेवीत नाही. त्या मुलखात गवताची किंमत लोकांना पूर्वीपासून कळलेली आहे. तेथील भुरट नावाचे काटेरी बोंडांचे वर्षायू गवत पाहावे. अंगावर चिकटून ते कुसळीसारखेच छळते, परंतु दुष्काळात त्याचे दाणे बाजरीत मिसळून लोकांनी दिवस काढले आहेत.

आपल्याकडे मात्र माळाला सरकारी कागदावर फार पूर्वीपासून 'पडीक' हे विशेषण लागलेले आहे. पडीक म्हणजे वाया गेलेली, कामाला लावण्याजोगी. मग कोणाला तेथे कारखाना दिसतो, कोणाला भूखंड दिसतात, आणि ज्यांना निसर्गाविषयी खरोखर प्रेम आहे त्यांना तेथे झाडे लावावीशी वाटतात. या शेवटच्या लोकांवर रागावणे कठीण आहे. उत्साहाने कुदळी घेऊन आलेली शाळेची मुले पाहून कोणाला आनंद होणार नाही? परंतु माळ म्हणजे मेलेले जंगल नव्हे. २०२५ साली काही अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या-कथांमधील झाडा-गवतांचे उल्लेख तपासून दाखवून दिले की, पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागात शेकडो वर्षांपूर्वीही काटेरी झाडे आणि गवत यांचे असेच मोकळे रान होते. या गवतांना भरपूर ऊन लागते. ज्वारी, बाजरी व ऊस ही त्यांची भावंडे. कडक उन्हात थोड्या पाण्यावर अन्न तयार करण्याची खास रीत या कुळातील अशा गवतांना साधलेली आहे. ती रीत सावलीत उपयोगी पडत नाही. टेकडीवर ग्लिरिसिडियाची दाट रांग उभी राहिली की तिच्याखालचे गवत मुकाट्याने नाहीसे होते, आणि ते गेल्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

गवताबरोबर त्याच्या आश्रयाचे जीवही जातात. चंडोल आपले घरटे गवताच्या ठोंबापाशी जमिनीवरच करतो. तणमोराच्या तर नावातच तण आहे. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून उभ्या उड्या मारतो आणि क्षणभर गवताच्या वर दिसून पुन्हा आत बुडतो. माळढोक हा माणसाच्या कमरेला लागेल एवढा मोठा पक्षी. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत अभयारण्य करण्यात आले. नान्नजचा माळ त्यामुळे देशभर प्रसिद्ध झाला. आज महाराष्ट्रात माळढोक दिसलाच तर ती वर्तमानपत्राची बातमी होते. साऱ्या जगात मिळून हे पक्षी जेमतेम दीडशे उरले असतील, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. एका बागेत गवत लावून माळढोक परत येणार नाही, हे उघड आहे. परंतु गवत ओळखणारी माणसे असतील, तरच उरलेला माळ कोणाला तरी राखावासा वाटेल.

तेव्हा ज्याच्या घरापुढे किंवा शाळेच्या आवारात चार हात मुरमाड जागा असेल, त्याने हे काम करून पाहण्यास हरकत नाही. जागा भर उन्हातली हवी. तेथे काळी माती आणून टाकू नये. शेणखत तर मुळीच घालू नये. खत पाहिले की भलतेच पाहुणे जमतात, आणि त्यांत गाजरगवत पुढे असते. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातील ती अमेरिकन वनस्पती आहे. १९५५ च्या सुमारास ती प्रथम पुण्यात आढळली आणि तेथून तिने सारा देश व्यापला. ती मात्र दिसताच, फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावी.

बी विकत मिळत नाही. ते मिळवावे लागते, आणि खरे सांगायचे तर हाच या कामातला सर्वांत आनंदाचा भाग. कार्तिक-मार्गशीर्षात तुरे वाळून पिवळे पडतात. तुऱ्यावरून अलगद हात फिरवला असता जे दाणे आपण होऊन हातात येतात, तेच पिकलेले समजावेत. ओढून काढावे लागतात ते कच्चे. रस्त्याच्या कडेचे थोडे घ्यावे, पुष्कळसे तेथेच राहू द्यावे. अभयारण्यातून काहीच आणू नये. घरी आणलेले बी कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजून बुरसते. कित्येक उतावळी मुले ते लगेच कुंडीत पेरून पाणी घालू लागतात आणि उगवले नाही म्हणून हिरमुसतात. पुष्कळ रानगवतांचा ताजा दाणा रुजत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. उन्हाळा त्याला भोगू द्यावा.

रोहिणी नक्षत्र संपत आले की जागा दाताळ्याने नुसती खरवडावी. नांगरण्याची, खणण्याची गरज नाही. कुसळांमुळे दाणे एकमेकांत गुंततात, म्हणून ते मूठ-दोन मूठ वाळूत चोळून मग फेकावेत आणि पायाने हलके दाबावेत. फार खोल पुरू नयेत. सगळे बी एका दिवशी फेकू नये; गवताकडूनच धडा घेऊन निम्मे दुसऱ्या पावसासाठी राखून ठेवावे. पाणी घालू नये. हे सांगणे सोपे आहे, पाळणे अवघड. आषाढात पावसाने ओढ दिली, कोवळे हिरवे केस माना टाकू लागले, म्हणजे झारी उचलण्यास हात शिवशिवतात. परंतु जे या जमिनीत पावसावर जगेल तेच पाहायचे आहे. काही मरतील. मरू द्यावेत.

श्रावणात जागा हिरवी होते आणि भाद्रपदात जांभळट तुरे येतात. त्यांना पाकळ्या नसतात. ही फुले वाऱ्याच्या भरवशावर फुलतात, म्हणून फुलपाखरांना बोलावण्याची त्यांना गरज नसते. बारीक देठांना परागकोश लोंबत असतात आणि पिसासारखी टोके वाऱ्यातून पराग टिपून घेतात. भिंग लावून पाहिले तर समई लावल्यासारखे दिसते. पुढे दाणे भरले की मुनिया पक्ष्यांचे थवे उतरतात. एवढ्याशा काडीवर एवढासा पक्षी बसतो, काडी वाकते, पक्षी खाली, दाणा चोचीत. मुंग्या तर दाणे ओढून नेतातच, आणि कोंडा बाहेर टाकतात. त्यांच्या बिळाभोवती त्या कोंड्याचे गोल कडे तयार होते. हे सर्व पाहायचे असेल तर वाळलेले गवत कापण्याची घाई करू नये. दाणे झडून गेल्यावर, पौषाच्या सुमारास, ते विळ्याने कापावे आणि तेथेच पसरावे. घराच्या भिंतीला किंवा चुलीला लागून मात्र हे गवत वाढू देऊ नये, कारण वाळल्यावर ते एका ठिणगीने पेटते. लहान मुलांच्या पायवाटेवर असेल तर तेथले तुरे पिकण्यापूर्वीच काढावेत; कुत्र्याच्या कानात किंवा पंजात कुसळ शिरले तर त्या मुक्या प्राण्याचे फार हाल होतात. मेंढपाळही हे गवत कोवळे असतानाच मेंढरांना चारतात, तुरे पिकले की कळप दुसरीकडे वळवतात.

दुसऱ्या वर्षी बी पेरावे लागत नाही. ते जमिनीत असतेच. पण ते जेथे फेकले होते तेथेच उगवेल असा भरवसा धरू नये. हे गवत पहिल्याने येणारे आहे. जमीन उघडी पडली, खरचटली, तिच्यावर कोणी उभे राहण्यास धजत नाही, अशा वेळी ते येते. एखाद्या माळावर तेच एकटे माजलेले दिसले तर जाणता मेंढपाळ ओळखतो की, येथे चराई फार झाली, माळ थकला. बागेत ते दोन-तीन वर्षे मुक्काम करते. त्याच्या मुळ्यांनी मुरूम थोडा धरला जातो, पात्यांचे थोडे खत होते, आणि मग वाऱ्याने कोठून तरी मारवेलचा किंवा पवन्याचा दाणा येऊन पडतो. तो ठोंब धरतो, वर्षानुवर्षे राहतो, जागा व्यापतो. तीन कुसळांचे गवत त्याच्याशी भांडत नाही. चौथ्या पावसाळ्यात ते शोधायचे असेल तर बागेच्या मध्यभागी शोधू नये. फाटकापाशी, जेथे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी मुरूम पुन्हा उघडा पडलेला असतो, तेथे पायरीच्या फटीत ते वीतभर उंचीचे उभे असते.